अपिलातली नोटीस, अखेरची संधी आणि हातात उरलेले एकोणीस दिवस

एका दिवाणी अपिलात जाबदारांना, म्हणजे समोरच्या पक्षकारांना, नोटीस बजावण्यासाठी आम्हाला तीनदा मुदत मागावी लागली. दोनदा सहज मिळाली. तिसऱ्यांदा अपील आणि त्यातला अंतरिम हुकूम दोन्ही जाण्याची वेळ आली होती. प्रकरण माझ्याच फायलीतलं आहे. नावं, गाव आणि ओळख पटेल असे तपशील काढले आहेत. दिवसांचा हिशोब मात्र होता तसाच ठेवला आहे, कारण सगळं त्या हिशोबावरच अडलं होतं.

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्यातली वडिलोपार्जित जमीन, मूळ आजोबांच्या नावची. निम्मी थोरल्या घराची, निम्मी धाकट्या घराची. माझ्या अपीलदार थोरल्या घरातल्या लेक. वय साठीच्या पुढे. मी त्यांना मावशी म्हणते, त्या मला मॅडम.

हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनं लेकीला जन्मानं हिस्सा दिला. दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असायलाच हवेत ही अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केलं. मावशींचा दावा याच पायावर उभा होता. खालच्या न्यायालयानं मात्र 'तोंडी वाटणी आधीच झाली होती' हे भावांचं म्हणणं मानलं आणि दावा फेटाळला. त्यावर जिल्हा न्यायालयात आम्ही अपील केलं.

जाबदार सात. क्रमांक १ आणि २ भाऊ, दोघेही गावात शेती करतात. ३, ४ आणि ५ म्हणजे वारलेल्या तिसऱ्या भावाची बायको, मुलगा आणि मुलगी. त्यांचा पत्ता मुंबईचा, लालबागमधल्या एका चाळीचा. ६ चुलतभाऊ, धाकट्या घराचा एकुलता एक वारस. ७ म्हणजे भावांकडून वीस गुंठे घेतलेला खरेदीदार. खालच्या न्यायालयात १, २ आणि ७ हजर राहून लढले. ३ ते ६ आलेच नाहीत आणि त्यांच्याविरुद्ध दावा एकतर्फी चालला. कोण आलं आणि कोण नाही, हा तपशील पुढे फार कामाला आला.

अपिलासोबत निशाणी ५ वर, म्हणजे कोर्टाच्या फायलीत क्रमांक ५ ला, मनाईचा अर्ज होता: निकाल होईपर्यंत जमीन कुणाला विकू नये. पहिल्याच दिवशी न्यायालयानं पुढच्या तारखेपर्यंत 'जैसे थे' ठेवायला सांगितलं. गावाजवळच्या रस्त्याचं रुंदीकरण ठरलं होतं आणि जमिनीला गिऱ्हाईक यायला लागलं होतं. मावशींसाठी त्या दिवशीचा तो दोन ओळींचा हुकूम अपिलाइतकाच मोलाचा होता.

अडचण

अपील दाखल झाल्यापासून ४२ व्या दिवशी पहिली तारीख होती. १ आणि २ वकीलपत्र देऊन हजर झाले. ७ च्या नोटिशीवर बेलिफांचा, म्हणजे नोटीस बजावणाऱ्या कोर्टाच्या कर्मचाऱ्याचा, शेरा होता, 'दार बंद, सबब दारावर चिकटवली'. ३ ते ५ ची पाकिटं 'पत्त्यावर राहत नाहीत' म्हणून परत आली होती. ६ चा अहवाल आलाच नव्हता. मी अर्ज दिला. त्यात एवढंच होतं: 'जाबदार क्र. ३ ते ७ यांना नोटीस बजावणी होऊन आलेली नाही. सबब मुदत मिळावी, ही विनंती.' पाच आठवडे मिळाले.

७७ व्या दिवशी दुसरी तारीख. परिस्थिती तीच, अर्जही तोच, फक्त तारीख बदललेली. या वेळी समोरच्या वकिलांनी जोरदार हरकत घेतली. त्यांचं म्हणणं असं की अपीलदाराला जैसे थे मिळालंय, त्यामुळे नोटीस बजावायची तिला घाई नाही आणि हुकूम उठवावा. न्यायाधीशांनी ७ चा अहवाल वाचला आणि चिकटवून केलेली बजावणी मानायला नकार दिला. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ५ नियम १७ प्रमाणे घर कुणी दाखवलं आणि कुणाच्या समक्ष नोटीस चिकटवली त्यांची नावं-पत्ते अहवालात लागतात. इथे एकही नाव नव्हतं. रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीत, लिहिलं गेलं: अखेरची संधी, चार आठवडे, तोपर्यंत योग्य ती पावलं न उचलल्यास पुढील आदेश.

त्या संध्याकाळी मी माझे दोन्ही अर्ज शेजारी ठेवून वाचले. ३५ दिवसांत आमच्या बाजूनं काय केलं, याचं एक अक्षरही त्यांत नव्हतं, कारण आम्ही खरोखरच काही केलं नव्हतं. प्रोसेस फी, म्हणजे बजावणीची फी, भरली, नोटिसा निघाल्या आणि त्या परत येण्याची वाट पाहिली. हा दोष माझा.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे ७८ व्या दिवशी, मी मूळ फाइल तपासणीला घेतली. मागच्या आठवड्यात येऊन पडलेला जाबदार ६ चा अहवाल त्यात होता. बेलिफांच्या वळणदार अक्षरात एकच ओळ: 'सदर इसम मयत झाल्याचे घरच्यांनी सांगितले.' तारीख नव्हती. मी तिथूनच मावशींना फोन लावला.

"मावशी, तुमचे चुलतभाऊ गेले का?"

"हो की. दोन महिने होऊन गेले. गावाकडं आला होता, तिथंच गेला. बोलणं नव्हतं आमचं, पण दहा दिवस सुतक पाळलं. का हो मॅडम?"

त्यांना हे कुणी विचारलंच नव्हतं. घरातल्या मृत्यूची कोर्टाला खबर द्यायची असते, हे त्यांना ठाऊक असण्याचं कारणही नव्हतं. ग्रामपंचायतीतून मृत्यूचा दाखला आला तेव्हा कळलं, की चुलतभाऊ अपील दाखल झाल्यावर सातव्या दिवशी वारले होते. म्हणजे ७१ दिवस होऊन गेले होते.

जाबदार वारला की आदेश २२ नियम ४ खाली त्याचे वारस रेकॉर्डवर आणायला मुदत कायद्याच्या अनुच्छेद १२० प्रमाणे मृत्यूपासून ९० दिवस मिळतात. ते हुकले की त्याच्यापुरतं अपील आपोआप रद्द होतं. वाटणीच्या अपिलात हिस्सेदाराशिवाय वाटणी होतच नाही, त्यामुळे एकापुरतं रद्द झालेलं अपील सगळंच कोसळण्याचा धोका असतो. हातात १९ दिवस होते. पुढची तारीख १०५ व्या दिवशी, म्हणजे मृत्यूनंतर ९८ व्या दिवशी येणार होती. तारखेची वाट पाहिली असती तर आठ दिवसांनी हुकलो असतो.

नोटीस बजावणीसाठी न्यायालय मुदत देतं, ती या ९० दिवसांना लागू होत नाही. दोन वेगळी घड्याळं आहेत. 'अखेरची संधी चार आठवडे' हे शब्द वाचून आपल्याकडे चार आठवडे आहेत असं वाटतं, पण आमच्याकडे तेवढे नव्हते.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय: तिसऱ्यांदाही मुदतच मागायची आणि चिकटवून केलेली बजावणी पुरेशी आहे असा आग्रह धरायचा. जाबदार ७ नं खालच्या कोर्टात स्वतःच्या कैफियतीवर, म्हणजे लेखी उत्तरावर, पत्ता दिलेला होता. आदेश ६ नियम १४-अ प्रमाणे तो पत्ता अपिलातही त्याचा नोंदणीकृत पत्ता धरला जातो, त्यामुळे कायद्यात थोडा आधार होता. पण पंचांच्या नावाशिवायचा अहवाल एकदा नाकारला गेला होता. त्याच न्यायाधीशांसमोर त्याच कागदावर भांडून पत घालवायची नव्हती.

दुसरा पर्याय वर्तमानपत्रातल्या जाहीर नोटिशीचा, आदेश ५ नियम २० प्रमाणे. कारकून म्हणाला, "मॅडम, पेपरला देऊन टाकू, सगळे एकदम होतील." मोह होण्यासारखंच होतं. पण नियम २० साठी माणूस बजावणी चुकवतोय किंवा साध्या मार्गानं बजावणी शक्यच नाही, अशी न्यायालयाची खात्री व्हावी लागते. लालबागच्या पत्त्यावर आम्ही एकदा पाकीट पाठवलं होतं आणि त्यापलीकडे काहीच केलं नव्हतं. कुठल्या तोंडानं शपथपत्र करायचं? शिवाय एक गोष्ट बऱ्याच वकिलांच्याही ध्यानात राहत नाही. एकतर्फी ऐकलेलं अपील पुन्हा ऐकावं म्हणून आदेश ४१ नियम २१ खाली अर्ज करता येतो. त्याला अनुच्छेद १२३ प्रमाणे ३० दिवस मिळतात आणि नोटीस रीतसर बजावलेली नसेल तर ते निकाल कळल्याच्या दिवसापासून मोजतात. त्याच अनुच्छेदाच्या स्पष्टीकरणात लिहिलंय, की नियम २० ची पर्यायी बजावणी या कामासाठी रीतसर बजावणी धरायची नाही. म्हणजे पेपरच्या जोरावर आज अपील जिंकलं, तरी मुंबईचं घर चार वर्षांनी 'आम्हाला आत्ताच कळलं' म्हणत दारात उभं राहू शकतं. साठीच्या पुढच्या बाईला असा निकाल मिळवून देणं मला पटलं नाही.

तिसरा पर्याय: मुंबईच्या घराला अपिलातूनच वगळायचं. वाटणीच्या दाव्यात हिस्सेदार आवश्यक पक्षकार असतो. हा पर्याय पाच मिनिटांत बाद केला.

चौथा प्रश्न जाबदार ६ चा. तो खाली हजर झालाच नव्हता. अशा जाबदाराचे वारस आणण्यातून न्यायालय आदेश २२ नियम ४ च्या उपनियम ४ प्रमाणे सूट देऊ शकतं, फक्त ती निकालाआधी मागून घ्यावी लागते. सूट मिळालीही असती. पण धाकट्या घराचा निम्मा हिस्सा त्याच्या एकट्याच्या नावावर होता. उद्या वाटप होऊन सात-बाऱ्यावर नोंद करताना तलाठी वारस मागणारच आणि तेव्हा त्याची बायको-मुलं म्हणणार, 'आम्हाला कोर्टानं विचारलंच नाही.' वारस आणायचे असं ठरलं.

पाचवा पर्याय जास्त मेहनतीचा होता, आणि तोच आम्ही घेतला. मुदत मागायचीच, पण प्रत्येक जाबदारासाठी आधी ठोस पाऊल उचलायचं आणि उरलेल्या पावलापुरतीच मुदत मागायची. कायद्यात नोटीस बजावण्याचं काम न्यायालयाच्या यंत्रणेचं असतं. अपीलदाराचं काम म्हणजे वेळेत फी भरणं, खरा पत्ता देणं आणि नोटीस परत आली की लगेच नवी काढून घेणं. आदेश ९ नियम ५ मध्ये दाव्यांसाठी हेच आहे: समन्स परत आल्यापासून सात दिवसांत वादीनं नवं समन्स मागितलं नाही तर दावा काढून टाकता येतो. अपवाद तीनच: शर्थीचा प्रयत्न करूनही पत्ता मिळाला नाही, प्रतिवादी चुकवतोय, किंवा मुदत वाढवायला दुसरं पुरेसं कारण आहे. संहितेच्या कलम १०७(२) नं अपील न्यायालयालाही मूळ न्यायालयाचे अधिकार आणि कर्तव्यं लागू होतात. म्हणून हेच तीन अपवाद मी आमच्या अर्जाचे रकाने मानले.

काय केलं

वारसांच्या अर्जाचं काम सगळ्यात आधी हाती घेतलं. दाखला आणि वारसांची नावं-पत्ते गोळा करायला नऊ-दहा दिवस गेले. चुलतभावाच्या बायकोकडे मावशी स्वतः गेल्या. इतक्या वर्षांचं बोलणं बंद होतं, तरी त्या बाईंनी चहा केला आणि मुलांची पूर्ण नावं लिहून दिली. अर्ज मृत्यूपासून ८४ व्या दिवशी दाखल झाला. तारीख नसताना अर्ज घ्यायला दप्तरात थोडी खळखळ झाली. नव्वदावा दिवस कधी आहे ते अर्जावर पेनानं लिहून दाखवल्यावर घेतला.

मग जाबदार ७. त्याच्यासाठी हमदस्त नोटीस मागितली, म्हणजे बेलिफांसोबत आमचा माणूस जाऊन ओळख पटवणार. बेलिफ आधी दुपारी बारा वाजता गेले होते. त्या वेळी गावात घरी कोण असतं? खरेदीदार रोज सकाळी सात वाजता दूध घालायला डेअरीवर येतो, ही माहिती मावशींनी दिली. ९५ व्या दिवशी सकाळी त्याच डेअरीच्या काट्यासमोर त्याला नोटीस दिली गेली. त्यानं सही केली. डेअरीवरच्या दोघांची नावं अहवालात लिहून घेतली, सही असूनही.

जाबदार ७ वर एवढा जोर देण्याचं कारण आदेश ४१ नियम १४ च्या उपनियम ४ मध्ये होतं. अपिलातल्या आनुषंगिक अर्जाची नोटीस प्रत्येकाला बजावावी लागत नाही. जो खाली हजर होऊन बजावणीचा पत्ता देऊन गेला किंवा अपिलात हजर झाला, त्यालाच ती लागते. अपिलात प्रथमच पक्षकार झालेल्याला अर्थात द्यावीच लागते. ३ ते ६ खाली आलेच नव्हते. म्हणजे १, २ आणि ७ झाले की निशाणी ५ चा अर्ज ऐकता येतो. मुंबईची पाकिटं कुठेही अडकोत, जैसे थे हुकूम त्यांच्यामुळे अडून राहत नव्हता. हे मला पहिल्याच तारखेला सुचायला हवं होतं.

मुंबईच्या घराचा माग मावशींच्या मुलानं काढला. तो भिवंडीत कामाला आहे. एका रविवारी तो लालबागला गेला. चाळ पाडलेली, जागी टॉवर उभा, खाली वॉचमन. वॉचमनला जुन्या भाडेकरूंचं काही माहीत नव्हतं. पण गणपती जवळ आले होते आणि गल्लीच्या तोंडाशी मंडपाचे बांबू पडले होते. चाळ गेली तरी जुनी बिऱ्हाडं वर्गणी चुकवत नाहीत. मंडळाच्या वहीत त्याच्या मामींचं, म्हणजे जाबदार ३ चं, नाव होतं आणि पुढे डोंबिवलीचा पत्ता. मुलानं वहीच्या पानाचा फोटो काढला नाही, कार्यकर्त्याला विचारून पत्ता कागदावर उतरवून घेतला आणि डोंबिवलीला जाऊन इमारतीच्या फळ्यावरचं नाव पाहून आला. मी त्याचं शपथपत्र केलं. ८८ व्या दिवशी नव्या पत्त्याची पुरसिस (कोर्टाला दिलेलं लेखी निवेदन), प्रोसेस फी आणि कल्याणच्या न्यायालयामार्फत नव्या नोटिसा काढण्याचा अर्ज दिला. पहिली नोटीस मुंबई शहरात असल्यानं आदेश ५ नियम २२ प्रमाणे लघुवाद न्यायालयामार्फत गेली होती. आता न्यायालयही बदललं.

जाबदार ४ चा मोबाइल नंबरही मिळाला होता. मुंबई उच्च न्यायालयानं २०१८ मध्ये एका दरखास्तीत, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीच्या प्रकरणात, व्हॉट्सॲपवर पाठवलेली नोटीस उघडून वाचल्याचं दिसतंय म्हणून बजावणी मानली होती. मी पीडीएफ पाठवून ठेवली. पण ती जोडीची म्हणूनच, बेलिफांच्या जागी नाही.

मुदतीचा अर्ज

अर्ज मी १०२ व्या दिवशी, मुदत संपायच्या तीन दिवस आधी दाखल केला आणि प्रत समोरच्या वकिलांना दिली. मुदत उलटून गेल्यावरही न्यायालय ती वाढवू शकतं, हे महंत रामदास विरुद्ध गंगादास या १९६१ च्या निकालापासून ठरलेलं आहे. त्या प्रकरणातला अर्जही मुदत संपायच्या आधीच दाखल झाला होता. मुदत संपल्यावर मागणारा आणि आधी मागणारा यांत न्यायाधीशाच्या नजरेत फार फरक असतो.

या वेळचा अर्ज तीन पानांचा झाला. पहिल्या परिच्छेदात मागील दोन अर्जांत पुरेसा तपशील दिला नव्हता हे कबूल केलं. मग जाबदारवार तक्ता: कोणत्या दिवशी काय केलं, काय निष्पन्न झालं, पुढे काय उरलं. प्रत्येक ओळीसमोर कागद जोडलेला होता: फीची पावती, पोस्टाचा शेरा, बेलिफांचा अहवाल, मुलाचं शपथपत्र. ७ पुढे 'पूर्ण'. ६ पुढे 'वारसांचा अर्ज मृत्यूपासून ८४ व्या दिवशी दाखल, त्यावर वेगळी नोटीस'. ३ ते ५ पुढे 'नोटिसा कल्याण न्यायालयाकडे रवाना, अहवाल यायचा आहे'. मागणी फक्त या शेवटच्या ओळीपुरती, चार आठवड्यांची. सोबत विनंती: निशाणी ५ चा अर्ज नियम १४(४) प्रमाणे आजच ऐकावा किंवा तोवर जैसे थे चालू ठेवावं.

सुनावणी

समोरच्या वकिलांनी दोन मुद्दे घेतले. पहिला, आदेश ४१ नियम १८ प्रमाणे अपील काढून टाकावं. हा नियम १९९९ च्या दुरुस्तीनं वगळला गेला आहे आणि १ जुलै २००२ पासून तो अस्तित्वात नाही, एवढं सांगितल्यावर तो मुद्दा मागे पडला. धोका मात्र त्यानं संपत नाही. पाठपुरावा नाही म्हणून अपील निघू शकतं आणि परत लावून घ्यायला अनुच्छेद १२२ प्रमाणे ३० दिवसच मिळतात.

दुसरा मुद्दा वजनदार होता. कलम १४८ प्रमाणे न्यायालयानं ठरवून दिलेली मुदत एकूण ३० दिवसांहून जास्त वाढवता येत नाही आणि आम्ही ते कधीच ओलांडलंय. माझं उत्तर दुहेरी होतं. एक, सेलम ॲडव्होकेट बार असोसिएशन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्ये सांगितलंय, की पक्षकाराच्या हाताबाहेरच्या कारणानं गोष्ट ३० दिवसांत होऊ शकली नसेल, तर ही मर्यादा न्यायालयाचे हात बांधत नाही. दोन, आमच्या हातातली गोष्ट म्हणजे पत्ता आणि फी. ती दिलेल्या मुदतीत झाली आहे. आता उरलंय ते कल्याणच्या बेलिफांचं काम.

न्यायाधीशांनी तक्ता दोनदा वाचला. ७ च्या अहवालावरची डेअरीवाल्यांची नावं पाहिली. मग विचारलं, "हे सगळं पहिल्या महिन्यात का नाही केलं?" मी सांगितलं, की करायला हवं होतं, माझ्याकडून राहिलं. चार आठवडे मिळाले. विधी सेवा प्राधिकरणाकडे एक हजार रुपये खर्च भरण्याची अट घातली. जैसे थे पुढच्या तारखेपर्यंत चालू. खर्च मी मावशींकडून घेतला नाही.

निष्पत्ती

१३३ व्या दिवशी कल्याणचा अहवाल आला. तिन्ही नोटिसा डोंबिवलीत मामींनी घेतल्या होत्या. ३ ची बजावणी पक्की. ४, म्हणजे मुलगा, त्याच घरात राहतो, त्यामुळे आदेश ५ नियम १५ प्रमाणे घरातल्या सज्ञान व्यक्तीनं घेतलेली चालते. ५, म्हणजे मुलगी, मात्र लग्न होऊन पुण्यात आहे. आईनं घेतलेली तिची नोटीस तिला बजावली असं होत नाही, कारण ती त्या घरात राहत नाही. मी हे स्वतःहून न्यायालयाच्या नजरेला आणलं. लपवून पुढे गेलो असतो तर तोच दोष निकालानंतर वर आला असता. सुदैवानं त्याच दिवशी तिघांच्या वतीनं एका वकिलांनी वकीलपत्र दाखल केलं. हजर झालेल्या जाबदाराच्या बजावणीचा प्रश्न उरत नाही.

चुलतभावाचे वारसही रेकॉर्डवर आले. त्यानंतर निशाणी ५ दोन्ही बाजू ऐकून कायम झाली आणि अपील अंतिम युक्तिवादाच्या बोर्डावर गेलं. तोंडी वाटणीचा मूळ प्रश्न अजून तिथेच आहे.

पुन्हा करायचं झालं तर

अपील दाखल करतानाच जाबदारांचे पत्ते जुन्या दाव्याच्या शीर्षकावरून उतरवायचे नाहीत. आम्ही तेच केलं होतं. दावा सहा वर्षं चालला आणि तेवढ्यात लालबागची चाळ पडून गेली. आता वकीलपत्रावर सही घेतानाच मी प्रत्येक जाबदाराचा पत्ता पक्षकाराकडून तोंडी वदवून घेते: शेवटचं कधी भेटलात, कुठे, फोन कुणाकडे आहे.

कोण खाली हजर होतं आणि कोण नव्हतं, याची यादी अपिलाच्या पहिल्याच पानामागे लावते. अंतरिम अर्जाच्या बजावणीला कोण लागतो, हे त्यावरून तिथल्या तिथे कळतं. आम्ही पहिले ७७ दिवस सातही जणांना एकाच मापानं मोजत बसलो.

बेलिफांचा अहवाल तारखेला कोर्टात ऐकायचा नाही. तारखेच्या आठ दिवस आधी दप्तरात जाऊन वाचायचा. 'मयत' हा शेरा ७७ व्या दिवशी फायलीत होता, मी मात्र तो ७८ व्या दिवशी वाचला. इथे एकाच दिवसावर निभावलं.

एका गोष्टीवर मी अजून पुरती ठाम नाही. ७ वरची चिकटवलेली नोटीस मी सोडून दिली. आदेश ५ नियम १९ प्रमाणे बेलिफांची शपथेवर तपासणी मागता आली असती आणि कदाचित तीच बजावणी ग्राह्य धरली गेली असती. दोन आठवडे वाचले असते. पण डेअरीवरच्या सहीनं जो निर्धास्तपणा मिळाला, तो त्या तपासणीतून मिळाला नसता, असं आज तरी वाटतं.

आणि प्रत्येक तारखेच्या आदल्या दिवशी पक्षकाराला फोन करून मी विचारते: भावकीत कुणी आजारी आहे का, कुणी गेलं का? पहिल्यांदा विचारताना जीभ अडखळते. मागच्या तारखेला मी विचारायच्या आधीच मावशींचा फोन आला. "मॅडम, धाकटा भाऊ पुण्याला ॲडमिट आहे. लिहून ठेवा तुमच्याकडं. मी उद्या त्याला बघायला चाललेय, कोर्टात नाही आले तर चालेल ना?"

चालेल म्हणाले, आणि जाबदार क्रमांक २ पुढे तारीख घालून ठेवली.